मेडिक्लेम असताना वडिलांना सरकारी दवाखान्यात ठेवलं, आता क्लेम गेला का?

पत्र थोडक्यात (नाव, गाव आणि दवाखान्याचं नाव काढून टाकलंय):

मी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे, त्यात आईवडिलांची नावं घातली आहेत. वडील ६३ वर्षांचे, शेती करतात. रात्री पावसात टू-व्हीलर घसरून मांडीचं हाड मोडलं, १०८ ने जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं आणि तिथंच जनआरोग्य योजनेतून रॉड घालायचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनला पैसे लागले नाहीत, पण बाहेरचा सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, काही इंजेक्शनं, वॉकर असे साधारण २६ हजार गेले. काही बिलं पक्की आहेत, काही नुसत्या चिठ्ठ्या. मामा म्हणतात मेडिक्लेम असताना सरकारीत का ठेवलं, खाजगीत कॅशलेस झालं असतं, लोक काय म्हणतील. भाऊ म्हणतो योजना वापरली म्हणजे मेडिक्लेम जळाला. एचआर म्हणतात सरकारी दवाखान्यात बिलच नसतं तर क्लेम कसला. क्लेम फॉर्मचा पार्ट बी (दवाखान्यानं भरून द्यायचा भाग) घेऊन गेले तर वॉर्डवाले म्हणतात ऑफिसला जा, ऑफिसवाले म्हणतात वॉर्डात जा. भावाचा एक मित्र म्हणतोय की एका नर्सिंग होममध्ये चार दिवस ॲडमिट दाखवून बिल करून देतो, थोडं कमिशन द्या. त्यात आईला पित्ताशयात खडे निघालेत, तिचं ऑपरेशन कुठं करायचं कळत नाही. आणि एक मनात सलतंय, माझ्याकडे मेडिक्लेम असून योजना घेतली म्हणजे मी कुणा गरिबाचं घेतलं का? डिस्चार्ज होऊन दहा-बारा दिवस झालेत.

उत्तर:

ताई, आधी मामांच्या बोलण्याचं बघू, कारण पत्रात पैशाचे प्रश्न पाच आहेत पण तुम्हाला खरं लागलंय ते हेच, असं वाचताना वाटलं. मांडीचं हाड मोडलं की बाहेरून फारसं काही दिसत नाही पण आतल्या आत एक लिटर, कधी त्याहून जास्त रक्त जाऊ शकतं. अशा माणसाला रात्री, पावसात, कुठल्या दवाखान्यात कॅशलेस चालतं ते शोधत फिरवायचं नसतं. जिथं रात्री डॉक्टर आहे, रक्त आहे, हाडाचा सर्जन आहे तिथं न्यायचं असतं आणि १०८ वाल्यांनी तेच केलं, तुम्ही त्यांना तेच करू दिलंत. ऑपरेशन झालं, आबा वॉकरवर घरी आले. यात कमी काय पडलं ते मामांनाच एकदा शांतपणे विचारा. 'लोक काय म्हणतील' यातले लोक वॉर्डात रात्र काढायला आले नव्हते.

मेडिक्लेम आहे म्हणून खाजगीतच गेलं पाहिजे हा समज आपल्याकडे इतका पक्का बसलाय की लोक पेशंटला जिथं बरं वाटतंय तिथून हलवतात, नुसतं पॉलिसी 'वाया जाऊ नये' म्हणून. पॉलिसी ही खर्च झाला तर भरून द्यायला असते, ती वापरलीच पाहिजे असं काही नाही. खर्चच झाला नाही तर उलट चांगलंच, तुमचे ३ लाख वर्षभर तसेच राहिले.

आता एचआरचं. ते अर्धं बरोबर बोलतात आणि उरलेल्या अर्ध्यामुळे कितीतरी लोक क्लेम करायचाच सोडून देतात. सरकारी दवाखान्यात कॅशलेस बहुतेक मिळत नाही, कारण विमा कंपन्यांच्या नेटवर्क यादीत सरकारी दवाखाने सहसा नसतात, हे खरं. बिल नसेल तर त्या भागाचा क्लेम होत नाही, हेही खरं. पण सरकारी दवाखान्यातला आहे म्हणून क्लेम मंजूरच होत नाही, हे खरं नाही. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत मागं 'हॉस्पिटल' कशाला म्हणायचं त्याची व्याख्या असते ती काढून वाचा. १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतर ठिकाणी १५, चोवीस तास शिकलेल्या नर्स आणि डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, पेशंटचं रोजचं रेकॉर्ड, एवढंच लिहिलेलं असतं. कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) घ्या, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय घ्या, यात बसणार नाही असं काय आहे? खिशातून जे पैसे गेले त्याचा रिइम्बर्समेंट क्लेम, म्हणजे आधी आपण भरायचे आणि मग कंपनीकडं मागायचे, तो करता येतो. आणि अजून एक, काही पॉलिसीत 'हॉस्पिटल कॅश' असा फायदा असतो, ॲडमिट असलेल्या दिवसाला ठरलेली रक्कम, मग बिल असो नसो. सरकारी दवाखान्यात राहिलेल्या माणसाला याचा सगळ्यात जास्त उपयोग आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही. तुमच्या ग्रुप पॉलिसीत आहे का ते एचआरला तोंडी विचारू नका, ईमेल टाका.

योजनेचं मनात सलतंय ते काढून टाका. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांचीच होती, २०१७ ला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असं नाव झालं, २०२० ला आयुष्मान भारतबरोबर जोडली आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केली, पांढरं कार्डसुद्धा चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. खाजगी मेडिक्लेम असेल तर योजना नाही अशी अट तुमच्यासारख्याला नाही. म्हणजे तुम्ही कुणाच्या रांगेत घुसला नाहीत, ती तुमचीपण रांग आहे. त्यापुढं जाऊन सांगते, सरकारी दवाखान्यात पेशंट योजनेत नोंदवला की त्या ऑपरेशनच्या पॅकेजचे पैसे त्या दवाखान्याच्या खात्यात येतात आणि त्यातून औषधं, साहित्य घेता येतं. तुम्ही रेशनकार्ड पुढं केलंत म्हणून त्या दवाखान्याला पैसे मिळाले. कार्ड घरी ठेवून 'नको, गरिबाला मिळू दे' असं म्हटला असता तर आबांवर उपचार झालेच असते पण दवाखान्याच्या हातात काही आलं नसतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चांगल्या मनाची माणसंच इथं चुकीचं ठरवतात.

भावाला सांगा, मेडिक्लेम जळाला नाही. योजना वेगळी, पॉलिसी वेगळी. फक्त एकच रुपया दोन्हीकडून घेता येत नाही. म्हणून त्या २६ हजारांची बिलं आज रात्री जेवण झाल्यावर पुढ्यात घ्या आणि त्याचे ढीग करा.

पहिला ढीग, जे योजनेच्या पॅकेजमध्येच यायला पाहिजे होतं ते. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, रॉड-स्क्रू, रक्त, ॲडमिट असतानाचं जेवण, जाताना एकदाचं गाडीभाडं आणि डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांची संबंधित औषधं-तपासणी एवढं सगळं धरलेलं असतं. हे लोकांना माहीतच नसतं. मग योजनेत नाव घातल्यावरही बाहेरून इंजेक्शन आणायला चिठ्ठी दिली तर आणून देतात, कारण सिस्टरशी वाद कोण घालणार, आणि बरोबरच आहे, वाद सिस्टरशी घालायचा पण नसतो, तिच्या हातात काही नसतं. दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून योजनेचा माणूस बसतो, त्याच्याकडे जायचं. योजनेत नोंद कुठल्या तारखेला झाली हे त्याच्याकडून घ्या आणि त्या तारखेनंतरची बाहेरची बिलं त्याला दाखवा. त्यानं ऐकलं नाही तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करून तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. पैसे परत मिळतीलच अशी हमी मी देणार नाही, पण मागायचा हक्क आहे.

दुसरा ढीग, नोंद व्हायच्या आधीचं आणि पॅकेजबाहेरचं. तुमचा पहिल्या रात्रीचा सीटी स्कॅन बहुतेक इथं पडेल. हे मेडिक्लेमला लावा. डिस्चार्जनंतर पुढं लागणारी औषधं, फिजिओथेरपी, फॉलोअपचे एक्सरे, हेसुद्धा. बऱ्याच पॉलिसीत ॲडमिट व्हायच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस धरतात, म्हणजे आबांची फिजिओथेरपी आत्ता चालू असेल तर ती बिलं अजून गोळा व्हायचीत, डॉक्टरांनी ती लिहून दिलेली पाहिजे एवढंच. ऑपरेशनचा मुख्य खर्च योजनेतून झाला म्हणून कंपनी प्रश्न विचारू शकते, तेव्हा लपवू नका, कव्हरिंग लेटरमध्ये स्वतःच लिहा की ऑपरेशन योजनेतून झालं, त्याची मागणी नाही, फक्त खिशातून गेलेल्या या इतक्या रकमेची मागणी आहे. तुम्ही अकाउंट्सच्या माणूस, तारीख-बिल नंबर-रक्कम असा तक्ता करणं तुम्हाला मी काय सांगू.

तिसरा ढीग वॉकर, डायपर, हातमोजे, नातेवाईकांचा रिक्षा-चहा. हे बहुतेक पॉलिसीत मिळत नाही. वॉकर एकदा विचारून बघा, बाकीच्याच्या मागं लागू नका.

कच्च्या चिठ्ठ्यांचं घाबरू नका, अजून वेळ गेलेली नाही. मेडिकल दुकानात विक्रीची नोंद असते. तारीख सांगून, चिठ्ठी दाखवून पक्कं बिल मागा, त्यावर आबांचं नाव, डॉक्टरचं नाव, औषधाचा बॅच नंबर, दुकानाचा लायसन्स नंबर असला पाहिजे. फोनपे-गूगलपेनं दिले असतील तर तो स्क्रीनशॉट पण काढून ठेवा, तारीख शोधायला कामी येतो. लॅबवाल्याकडनं रिपोर्टची प्रत आणि पैसे भरल्याची पावती दोन्ही घ्या, नुसत्या रिपोर्टवर पैसे मिळत नाहीत. आणि प्रत्येक बिलाला डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली पाहिजे. इथंच सरकारी दवाखान्यातल्या पेशंटची अडचण होते, कारण बाहेरच्या औषधाची चिठ्ठी बोटभर कागदावर असते आणि दुकानदार ती ठेवून घेतो. तुमच्याकडं जिथं चिठ्ठी नाही तिथं केसपेपरची प्रत मागायची, त्यात त्या दिवशी कुठलं इंजेक्शन दिलं हे लिहिलेलं असतं.

केसपेपरवरून पार्ट बी कडं येऊ. वॉर्ड आणि ऑफिस यांच्यात तुम्ही फिरत राहिलात कारण तुम्ही तोंडी मागत होतात. सरकारी ठिकाणी तोंडी मागणीला कुणीच जबाबदार नसतं, म्हणून सिस्टर, क्लार्क, वॉर्डबॉय सगळे खरंच चांगले असले तरी काम होत नाही. एक साधा अर्ज करा, मराठीत, हातानं लिहिलेला चालतो: प्रति, वैद्यकीय अधीक्षक, विषय, विमा दाव्यासाठी कागदपत्रं मिळणेबाबत, मजकुरात पेशंटचं नाव, आयपीडी नंबर (ॲडमिट पेशंटचा नोंदणी नंबर), ॲडमिट आणि डिस्चार्जची तारीख आणि काय पाहिजे ते, म्हणजे पार्ट बी भरून सही-शिक्का, केसपेपरची साक्षांकित प्रत, ऑपरेशन नोट, एमएलसीची (अपघाताच्या पोलिसी नोंदीची) प्रत, आणि हे शासकीय रुग्णालय असून इतक्या खाटा आहेत असं दोन ओळींचं पत्र. हे शेवटचं पत्र मुद्दाम मागा, कारण फॉर्ममध्ये हॉस्पिटलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारतात आणि सरकारी दवाखान्यात तो रकाना कोरा राहतो, मग कंपनीतून क्वेरी येते आणि महिना जातो. अर्जाच्या दोन प्रती न्या, आवक-जावक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. कारखान्याची उसाच्या वजनाची पावती बिल येईपर्यंत घरात जशी जपतात तशी ही पोच जपा. पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यायची असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे, अर्जात तो नम्रपणे लिहा, भांडणाच्या सुरात नको. रेकॉर्ड सेक्शनचा माणूस एकटा असतो, त्याच्याकडं रोज असे पंचवीस लोक येतात, त्याला 'दादा कधी येऊ' विचारलं तर तो तारीख सांगतो, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

केसपेपर हातात आला की घरी जायच्या आधी तिथंच वाचा. नाव बघा. आपल्याकडं आधारवर बाळासाहेब, केसपेपरवर बाळासो आणि पॉलिसीत बाळू असा प्रकार सर्रास असतो आणि कंपनीला ती तीन माणसं वाटतात. वय बघा. ॲडमिट झाल्याची वेळ बघा, कारण बहुतेक आजारांना २४ तास ॲडमिट असण्याची अट असते. आणि आधीच्या आजारांबद्दल, दारूबद्दल काय लिहिलंय ते बघा. अपघात विभागात रात्री घाईत विचारतात, 'शुगर आहे का? किती वर्षं?' आणि बरोबर आलेला शेजारी म्हणतो, 'असंल की दहा वर्षं', ते तसंच कागदावर जातं आणि पुढं क्लेमला तेच आडवं येतं. खरी माहिती कधीच लपवायची नाही, डॉक्टरला तर नाहीच, पण माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर उपचार केलेल्या डॉक्टरांकडून दुरुस्ती करून सही घ्या, स्वतः पेन लावू नका.

भावाच्या मित्राचं मी एका वाक्यात संपवलं असतं, पण असं विचारणारी ही पहिली व्यक्ती नाही म्हणून थोडं लिहिते. न झालेलं ॲडमिशन दाखवणं हा फसवणुकीचा गुन्हा आहे, त्यात तुमचं नाव येतं, आबांचं येतं, कमिशनवाल्याचं कुठंच येत नाही. आबा ज्या दिवशी सरकारी वॉर्डात होते किंवा घरी होते त्या दिवशी ते नर्सिंग होममध्ये होते असा कागद तयार होणार आणि योजनेच्या कॉम्प्युटरमध्ये आबांच्या फोटोसकट खरी तारीख आहे. पॉलिसी कंपनीच्या नावावर आहे, म्हणजे चौकशी आली तर पहिला फोन तुमच्या एचआरला, आणि तुम्ही अकाउंट्सला आहात. खरे पंधरा-वीस हजार मिळण्यासारखे असताना त्यासाठी नोकरी पणाला लावायची? भावाला हे जेवढ्यास तेवढं सांगा आणि विषय बंद करा.

वेळेचं. डिस्चार्जनंतर कागद द्यायला पॉलिसीप्रमाणे साधारण १५ ते ३० दिवस असतात, तुमचे दहा-बारा गेलेत. पार्ट बी ची वाट बघत बसू नका. आजच टीपीएला (विमा कंपनीच्या वतीनं क्लेमचं काम बघणारी संस्था) ईमेल करून क्लेम नोंदवा, हातात आहे ते द्या आणि लिहा की दवाखान्याकडं अर्ज केलाय, ही त्याची पोच. उशीर का झाला याचा लेखी पुरावा असला की नुसत्या उशिरावरून क्लेम नाकारणं कंपनीला अवघड जातं. मूळ बिलं देण्याआधी सगळ्याचं स्कॅनिंग करून घ्या, ही सवय तुम्हाला असणारच.

तरी नाकारला तर? नाकारल्याचं पत्र लेखी घ्या, पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली नाकारला ते त्यात असलंच पाहिजे, 'सरकारी दवाखाना म्हणून' हे कारण चालत नाही. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, बरोबर विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार घाला. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरवाल्यांना पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. रक्कम लहान आहे म्हणून लाजू नका.

ज्यांचा माणूस आत्ता, हे वाचताना, सरकारी वॉर्डात आहे त्यांनी एवढं तरी आजपासून करा. मेडिक्लेम असेल तर टीपीएला लगेच कळवा, अचानक ॲडमिट झाल्यावर बऱ्याच पॉलिसीत २४ तासांत कळवायचं असतं, कॅशलेस नसलं तरी कळवायचं असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडं पहिल्याच दिवशी जा, कागद गावाकडं राहिले असतील तर तसं सांगा, तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून नोंद करायची सोय योजनेत आहे. बाहेरच्या औषधाची प्रत्येक चिठ्ठी दुकानात द्यायच्या आधी मोबाईलवर फोटो. कागदांची पिशवी घरातल्या एकाच माणसाकडं असं नको, पिशवी पेशंटच्या उशाशी ठेवा आणि येणाऱ्याला सांगून जा. घरात ७० च्या पुढचं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचारांचं) काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही. कारखान्यात कामाला असाल आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय (कामगार विमा) कापतात का ते पगाराच्या स्लिपवर बघा, तो तिसराच रस्ता आहे आणि बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. एक फरक पण माहीत असू द्या, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा रुग्णालय, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत त्यामुळं तिथं पावतीच नसते, पण मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जसं सीपीआर, ठरलेल्या दरानं फी घेतात आणि त्याची पावती मिळते. ती पावती पाच-पन्नासाची असली तरी टाकू नका.

आता आईचं. इथं घाई नाही, म्हणून इथं खरं ठरवता येतं. आधी सर्जनला विचारा की खडे त्रास देतायत की नुसते सोनोग्राफीत दिसलेत, कारण दिसलेला प्रत्येक खडा काढायचाच असतो असं नाही. ताप, कावीळ, पोटात सारखं दुखणं असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवून लगेच दाखवा.

ऑपरेशन ठरलं तर तीन रस्ते आहेत. एक, सरकारीत योजनेतून. दोन, योजनेच्या यादीतल्या खाजगी दवाखान्यात, तिथंही आरोग्यमित्र असतो, पण काही ऑपरेशनं योजनेत फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत म्हणून त्यालाच आधी विचारायचं की आईचं पॅकेज इथं बसतं का. तीन, मेडिक्लेमवर खाजगीत कॅशलेस. तिसऱ्यात लोक समजतात की सगळं फुकट, तसं नसतं. ग्रुप पॉलिसीत आईवडिलांसाठी बऱ्याचदा को-पे असतो, म्हणजे बिलाचा १० किंवा २० टक्के भाग तुमचा. खोलीभाड्याची मर्यादा असते, समजा विम्याच्या १ टक्का, म्हणजे तुमच्या ३ लाखांवर दिवसाला ३ हजार. तुम्ही ६ हजारांची खोली घेतली तर नुसते वरचे ३ हजार नाही कापत, डॉक्टर फी, ऑपरेशन चार्ज सगळं त्या प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर आणतात. कॅशलेसच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर माणूस रडकुंडीला येतो. नियमानं कंपनीनं कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत द्यायची असते, लागलं तर काउंटरवर हे सांगा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या घरी आत्ता एक पेशंट वॉकरवर आहे, तुम्ही नोकरी करता, भाऊ शेतीचं बघत असणार. आईजवळ रात्री कोण बसणार आणि आबांचं कोण करणार, हा प्रश्न पैशाच्या आधीचा आहे. सरकारीत तारखेसाठी थांबावं लागेल पण आबा तोवर बरे होतील, ते तुमच्या सोयीचंच आहे. खडे त्रास देत नसतील तर मी सरकारीत किंवा योजनेच्या यादीतल्या दवाखान्यात नाव घालेन आणि ३ लाख राखून ठेवेन, कारण आबांच्या पायाला पुढं परत काही लागलं तर त्याला ते असू देत, हा आकडा सगळ्या कुटुंबात मिळून आहे का प्रत्येकाचा वेगळा ते मात्र एचआरकडून लेखी घ्या. पण त्रास वाढला आणि थांबणं जमत नसेल तर खाजगीत जा, मेडिक्लेम त्यासाठीच आहे, तेव्हा मामांचं ऐकलं असं मनात आणू नका. खोली मात्र मर्यादेतली घ्या.

आणि आईची सोनोग्राफी किती जुनी आहे तेवढं बघा. जुनी असली तर सर्जन नवीन सांगतील, ती ऑपरेशन ठरल्यावर, ॲडमिट व्हायच्या आधीच्या ३० दिवसांत करून घ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि पक्क्या पावतीवर, म्हणजे ऑपरेशन मेडिक्लेमवर झालं तर तिचेही पैसे क्लेममध्ये धरता येतील.